दांड्याची चिठ्ठी

बालाजीराव वाईट माणूस नाही, असं तमिळ मुलखातल्या आवडी गावात ज्याला विचाराल तो सांगेल. हे वाक्य ऐकलं की त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या विद्युलतेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणूस वाईट असता तर निदान चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. हे म्हातारे गृहस्थ आवाज चढवत नसत, कधी 'नाही' म्हणत नसत, दारात आलेल्याला बसायला खुर्ची देत आणि मग कागद मागत.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळला होता. निवृत्त झाले ते फक्त हजेरीपटावरून. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं लोखंडी कपाट होतं. त्यात पाण्याच्या मोटारीची फाइल, गटाराची फाइल, नारळाच्या झाडाची फाइल. वरच्या मजल्याच्या भाडेकराराची फाइल सगळ्यांत जाड. त्या कराराचं चौदावं कलम असं, की भाडेकरूनं भिंतीला किंवा टाइलला खिळा ठोकू नये, भोक पाडू नये. विद्युलतेनं दोन वर्षं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून काढली होती आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

उलट घर मिळालं तेव्हा ती हरखून गेली होती. ती मूळची फलटणची, सरकारी डिस्पेन्सरीत फार्मासिस्ट, बदली होऊन इथं आलेली. नवरा उमाकांत रेल्वेत, तो विजयवाड्याला, पंधरवड्यातून एकदा घरी. तिनं दहा घरं पाहिली आणि दहाही ठिकाणी तिच्या मोडक्या तमिळनं घात केला. अकराव्या दाराशी बालाजीरावांनी तिला फोनवर उमाकांतशी बोलताना ऐकलं आणि दार सताड उघडलं. "मराठी बोलतां? या, आंत या. आम्ही तंजावरकडचे. आपलेंच मनुष्य." त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली आणि पुढं तमिळच्या शेजारानं वाढलेली, पण ती ऐकून विद्युलतेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिला तमिळ रीतीनं 'मा' म्हणत. त्यांना ती मामा म्हणू लागली आणि त्यांच्या बायकोला, महालक्ष्मीला, मामी. दर महिन्याला दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या ती खालून घेऊन जाई आणि त्यांच्या बी.पी.च्या, मामींच्या साखरेच्या गोळ्या आपल्या डिस्पेन्सरीतून आणून देई. बाकीचे पेन्शनर सकाळी साडेसातपासून रांग धरत. बालाजीरावांना दोन वर्षांत रांग म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मग सकवारबाई आल्या. विद्युलतेची आई, वय शहात्तर. फलटणला अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, पुण्याला ऑपरेशन झालं आणि विद्युलता त्यांना इकडे घेऊन आली. दुसरं कुणी बघणारं नव्हतं.

वॉकर घेऊन सकवारबाई खोलीभर हिंडत. अडायचं ते एकाच जागी. बाथरूमचं दार इतकं अरुंद की वॉकर आत जात नसे, आणि आत कमोडवरून उठायला धरावं असं काही नव्हतं. नळ होता, तो हलत होता. इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं, की भिंतीला स्टीलचे दोन दांडे बसवा, एक दाराशी आणि एक कमोडशेजारी, मग आजी कुणाच्या मिंध्या राहणार नाहीत. आणि पुन्हा पडल्या तर मात्र मला विचारू नका, हेही त्यांनी सांगितलं.

दोन दांडे म्हणजे आठ स्क्रू, म्हणजे आठ भोकं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी विद्युलता खाली गेली. बालाजीरावांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कपाटातून कोरी फाइल काढली. "दांडा लावूं नये असें मी म्हणत नाहीं मा. आजारी मनुष्यास लागतो तो लागतोच. पण उद्यां दुसरा भाडेकरी येईल, म्हणेल त्यांस दिलें, मला कां नाहीं. डाक्टराची चिठ्ठी पाहिजे कीं नको?"

तिनं चिठ्ठी आणली. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तो घालून आणला तर कोणत्या भिंतीला ते लिहिलेलं नव्हतं. भिंत लिहून आणली तर जमिनीपासून किती इंचांवर ते नव्हतं. चौथ्या खेपेला डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "आता दांडा दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यावा, असंही लिहून देऊ का?" विद्युलतेला हसू आलं नाही. तिनं आणलेला प्रत्येक कागद बालाजीराव चष्मा लावून सावकाश वाचत, कोपऱ्यात तारीख घालत, फाइलला लावत आणि पुढच्या कागदाचं नाव सांगत. कागदी घोडे नाचवणारी माणसं तिनं सरकारी नोकरीत कमी पाहिली नव्हती. पण ती माणसं पगारासाठी नाचवत. हे गृहस्थ आवडीनं नाचवत होते.

असे पाच आठवडे गेले. विद्युलता पहाटे आईला न्हाऊ घालून सातला निघे आणि पावणेतीनला परत येई. कामवाली नऊपर्यंत थांबे. नऊ ते पावणेतीन सकवारबाई एकट्या. भिंतीला चिकटवायची रबरी मूठ आणली, ती जुन्या टाइलवरून तिसऱ्या दिवशी हातात आली. खोलीत ठेवायची कमोडची खुर्ची आणली, तर सकवारबाईंनी तिच्यावर पातळ पांघरलं आणि म्हणाल्या, "जेवायचं त्याच खोलीत आणि तेही त्याच खोलीत? मी अजून मेले नाही गं." त्यांनी त्यांचा मार्ग काढला होता. त्या पाणी पीत नव्हत्या. एप्रिलच्या काहिलीत विद्युलता घरी आली की उशाशी भरून ठेवलेली बाटली तशीच भरलेली असे. आईचे ओठ फुटलेले असत आणि लघवीला जळजळ सुरू झाली होती.

ज्या दिवशी जळजळीची गोळी सुरू केली, त्या दिवशी ती जिना उतरून खाली गेली आणि उभ्यानंच बोलली. "मामा, आईनं पाणी सोडलंय. दांडा नाही म्हणून. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय?"

बालाजीरावांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी फाइल उघडली. "एकच कागद राहिला मा. दुसऱ्या कशानेंही चालणार नाहीं, दांडाच पाहिजे, असें डाक्टरानें एकदां लिहून द्यावें. मग झालें." पाचव्यांदा डॉक्टरांकडे जायचं नाही, असं विद्युलतेनं तिथंच ठरवलं.

महालक्ष्मीमामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी त्यांनी रसमचं भांडं वर पाठवलं. विद्युलतेनं ते न उघडता पायऱ्यांवर ठेवून दिलं आणि आईला बजावलं, "आजपासून त्या घरचा पाण्याचा थेंबसुद्धा आपल्याला नको. मामी काही घेऊन आली तर दारातूनच परत पाठव. गोड बोलणारी माणसं आहेत ही. नवरा गळा दाबणार आणि बायको रसम पाठवणार. तुला माझी शपथ आहे."

"तिचा काय दोष त्यात," सकवारबाई म्हणाल्या.

"शपथ घातलीय मी." विद्युलतेनं विषय संपवला.

त्या रागात एक गोष्ट बरी झाली असं तिला वाटलं. दोन-तीन दिवसांनी पाण्याची बाटली रिकामी दिसू लागली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "जमतंय मला आता. सवय झाली." ओठ भरून आले, चेहऱ्यावर तकाकी आली. विद्युलतेनं मनात म्हटलं, माझी आई आहे, कुणाच्या उपकारावाचून जमवलं तिनं. तिचा राग मात्र उतरला नाही. आईचे ते महिनाभराचे फुटके ओठ तिनं मनात जपून ठेवले होते, आणि त्याची परतफेड झाल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

परतफेडीची जागाही तिच्याजवळ होती. ती जागा म्हणजे डिस्पेन्सरीची तीन नंबरची खिडकी.

महिना संपला तसे बालाजीराव जिन्याच्या तोंडाशी चिठ्ठ्या घेऊन उभे राहिले. विद्युलता थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "मामा, दुसऱ्याचं औषध घरी घेऊन जायला आम्हाला परवानगी नाही. कार्ड घेऊन खिडकीवर या." तिला वाटलं होतं, म्हातारा खजील होईल, गयावया करील. बालाजीरावांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर आहे. दोन वर्षें चुकीचें चाललें होतें."

दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन आले. मे लागला होता, कत्तिरीचं ऊन, म्हणजे इकडचा ऐन वणवा. त्यांचा टोकन नंबर सत्तेचाळीस. विद्युलतेनं चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि तिला काय गोड वाटलं म्हणून सांगू. गेले पाच आठवडे ज्या खुर्चीत तो बसत होता, त्या खुर्चीत आज ती होती. "तीन महिने उलटून दोन दिवस झालेत. नवीन चिठ्ठी आणा."

चिठ्ठी तीन महिनेच चालते हा नियम होता. दोन दिवसांसाठी कुणाही म्हाताऱ्याला ती परत पाठवत नसे, हाही तिचाच नियम होता. तो तिनं त्या दिवशी बाजूला ठेवला.

त्यांनी नवी चिठ्ठी आणली. शिक्का पुसट होता. ते शिक्का मारून आले, तर गोळीचं कंपनीचं नाव लिहिलेलं होतं आणि तिथं असायला हवं होतं औषधाचं मूळ नाव. मूळ नाव लिहून आणलं तर ती गोळी साठ्यात नव्हती, मागवावी लागणार होती, आणि मागवायचा फॉर्म भरायची वेळ पावणेबारालाच संपली होती. शेजारच्या खिडकीवरची मीनाक्षी एकदा तमिळमध्ये म्हणाली की म्हाताऱ्याच्या मागे काय लागलीस, दे आणि मोकळी हो. विद्युलता म्हणाली, "नियम आहे." तिला त्या शब्दाची चव आता कळू लागली होती.

पण एक खडा दाताखाली येत होता. बालाजीराव चिडत नव्हते. घाम पुसत, छत्री काखेत धरून ते तिचं म्हणणं नीट ऐकून घेत, लिहून घेत आणि मागच्या माणसाकडे वळून म्हणत, "ह्या बाई फार चोख आहेत. ओळखीचें म्हणून सोडत नाहींत." पेन्शनरांच्या बाकावर तिची स्तुती चालली होती. शेवटी तर त्यांनी तिच्या वरिष्ठांना उद्देशून चांगल्या अभिप्रायाचा कागद लिहून पेटीत टाकला. वरिष्ठांनी दाखवला तेव्हा विद्युलतेनं तो वाचला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. सूड घ्यावा आणि समोरच्याला कळूच नये, याच्यासारखी जिवाचा जळफळाट करणारी गोष्ट नाही. ती त्याला दुखवू पाहत होती आणि म्हातारा नियमांच्या पंगतीला बसल्यासारखा जेवत होता.

मग एका सकाळी तिला त्याचं दुखरं ठिकाण सापडलं. तेही त्यानंच दाखवलं.

"सगळें पूरें झालें ना मा आतां?" त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या खिडकीतून आत सरकवल्या.

"तुमचं पूर्ण आहे. ही मामींची. त्यांच्या कार्डावरची सही जुनी आहे, जुळत नाही. त्यांना स्वतः यावं लागेल. खिडकीसमोर सही करावी लागेल."

बालाजीरावांचा हात खिडकीच्या कट्ट्यावर तसाच राहिला. पहिल्यांदाच त्यांनी लिहून घेतलं नाही. "तिला कशाला? ह्या उन्हांत? मी लिहून देतों, तिचा नवरा म्हणून."

"चालणार नाही."

"साखरेचें शरीर आहे तिचें. विकत आणलेल्या गोळ्या तीन दिवसांच्या उरल्या."

"म्हणूनच उद्या घेऊन या."

त्यांचा चेहरा उतरला. एवढंच बघायला ती तीन आठवडे थांबली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं. तिनं इतके दिवस भलतंच नाक दाबलं होतं. त्या दिवशी ती घरी आली ती पायऱ्या दोन-दोन चढत आली.

संध्याकाळी मामी जिन्याच्या खाली भेटल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाळ, उद्यां मी येतें. पण सकाळीं आठास येऊं? किंवा दुपारीं दोनास? दहा-अकरास मजला जरा काम असतें."

"आठला नव्या चिठ्ठ्या घेत नाही. दोनला खिडकी बंद. साडेदहाला या," विद्युलता म्हणाली.

आठलाही चिठ्ठ्या घेत असत. त्यात नवं-जुनं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोघं आली. बालाजीरावांनी छत्री बायकोवर धरलेली, स्वतः उन्हात. त्यांचा टोकन नंबर बासष्ट होता. विद्युलतेनं पासष्ट घेतला, सत्तर घेतला, मधे कपाट उघडून गोळ्यांचे खोके मोजायला बसली. बाक भरलेले होते. मामी रांगेच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. अकरा वाजले तसं त्यांचं बघणं वाढलं. अकरा-दहा, अकरा-वीस. मग रांग मोडून त्या खिडकीशी आल्या, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं वाकल्या. "बाळ, घरांत एक काम आहे. लवकर होतें का?"

"सगळ्यांनाच काम असतं, मामी."

मामींचे ओठ हलले. त्या काहीतरी सांगणार होत्या. मागं नवरा येऊन उभा राहिला तशा त्या गप्प झाल्या आणि परत कठड्याशी गेल्या. विद्युलतेनं सगळं डोळे भरून पाहिलं. आईनं पाच आठवडे जीव मुठीत धरून घड्याळाकडे पाहिलं होतं, आज दुसऱ्या कुणीतरी पाहावं. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण वांगं त्याच घरचं होतं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिनं बासष्ट नंबर पुकारला. मामींनी सही केली. ती कार्डावरच्या सहीशी अक्षरन् अक्षर जुळत होती. विद्युलतेनं गोळ्यांच्या पट्ट्या मोजून दिल्या. मामी धन्यवाद म्हणाल्या नाहीत, नवऱ्यासाठी थांबल्याही नाहीत. छत्रीशिवाय, जवळजवळ पळत त्या फाटकाबाहेर गेल्या. बालाजीराव पिशवी घेऊन मागून निघाले.

पाऊण वाजता विद्युलतेचा फोन वाजला. बालाजीराव होते. त्यांनी शांतपणे, तारीख-वार सांगावा तसं सांगितलं, की आई बाथरूममध्ये पडल्या आहेत, शुद्धीवर आहेत, अँब्युलन्स आली आहे, कोणत्या हॉस्पिटलात नेत आहोत ते लिहून घे.

ती पोचली तेव्हा सकवारबाई स्ट्रेचरवर होत्या. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. विद्युलतेनं तो पाहिला आणि तिला एक्स-रेची गरज उरली नाही. मामी स्ट्रेचरच्या कडेला उभ्या होत्या, सकवारबाईंचा हात दोन्ही हातांत धरून. बालाजीराव भिंतीशी होते. त्यांच्या काखेत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची ती फाइल होती.

फाइल पाहिली आणि विद्युलतेचा तोल गेला. हॉस्पिटल आहे, लोक आहेत, हे तिच्या लक्षातही राहिलं नाही. "झालं समाधान? लावा हा कागद पण त्यात. आठ भोकं होती मामा, आठ. माझी आई तुमच्या टाइलपेक्षा स्वस्त झाली. चार वेळा चिठ्ठी आणली मी, चार वेळा. आता ही दुसरा पाय मोडून पडलीय, आता कुठला कागद राहिला ते सांगा."

"एकच राहिला होता मा," बालाजीराव म्हणाले. ते तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांना ते स्वतःलाच ऐकू आलं असावं. त्यांनी फाइल खाली जमिनीवर ठेवली. एवढा उंच माणूस, भिंतीला पाठ लावून हळूहळू बाकावर बसला. "चुकलें माझें," ते म्हणाले.

हे शब्द ऐकण्यासाठी विद्युलतेनं काय काय केलं होतं. आता ते आले तर तिला अजून हवे होते. तिनं श्वास घेतला आणि ती पुढचं बोलणार, इतक्यात सकवारबाईंनी डोळे उघडले.

"त्यांना बोलू नकोस," त्या म्हणाल्या. इंजेक्शननं त्यांची जीभ जड झाली होती. "मीच उठले. थांबायला पाहिजे होतं मी. अकराला येते ती. रोज बरोब्बर अकराला. हे पेन्शनरांच्या संघात गेले की मागच्या दारानं वर येते."

"कोण येते?" विद्युलतेनं विचारलं.

"लक्ष्मी. मला धरून नेते, बसवते, बाहेर उभी राहते. मग पाणी पाजते. पहिल्या दिवशी आली तेव्हा मी सांगितलं तिला, माझ्या मुलीनं शपथ घातलीय, दारातून परत जा. ती म्हणाली, अक्का, थेंब तुमच्याच घरचा प्या, मी नुसता हात आणलाय." सकवारबाई किंचित हसल्या. "तुला सांगितलं नाही. तू रागावली असतीस."

बालाजीराव बायकोकडे बघत होते. "तूं वरती जात होतीस?"

"रोज," मामी म्हणाल्या. "भाडेकऱ्याच्या घरांत पाऊल ठेवूं नये असें तुम्ही म्हणतां. म्हणून सांगितलें नाहीं."

वॉर्डबॉय स्ट्रेचर एक्स-रेसाठी न्यायला आला आणि दाराशी गर्दी होती म्हणून थांबला.

"आज साडेअकरापर्यंत धरून ठेवलं मी," सकवारबाई सांगत होत्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, लहान मुलासारखा नुसता हिशेब होता. "मग नाही राहवलं. म्हटलं, ती काही आज येत नाही, आपणच जाऊ. कुठं अडकली होतीस गं लक्ष्मी?"

मामींनी मान खाली घातली. त्यांनी विद्युलतेकडे बोट दाखवलं नाही, नजरसुद्धा वर केली नाही. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी विद्युलतेला भांडता आलं असतं. नियम होता, सही जुळत नव्हती, मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. गेले दोन महिने तिच्याकडे कुठल्याच गोष्टीला उत्तराची वाण नव्हती.

"माझ्या खिडकीसमोर उभ्या होत्या त्या," ती शेवटी म्हणाली. "मी उभं केलं होतं."

सकवारबाईंना नीट कळलं नसावं असं तिला आधी वाटलं. त्या लेकीकडे बघत राहिल्या. फलटणला ती लहान असताना शेजारच्या मुलीला ढकलून आली होती, तेव्हाही त्यांनी मारलं नव्हतं, असंच पाहिलं होतं.

"किती वेळ?"

"दीड तास."

सकवारबाईंनी मान फिरवली. लेकीच्या बाजूचा हात त्यांनी छातीवर घेतला, दुसरा मामींच्या हातात होता तो तसाच राहू दिला आणि त्या मामींना म्हणाल्या, "दीड तास उभी होतीस? पाय दुखले असतील गं तुझे. बस जरा."

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलला. मामी सोबत चालू लागल्या, हात न सोडता. विद्युलता त्यांच्यामागून दोन पावलं गेली, पण दाराशी त्या माणसानं हात आडवा केला. पेशंटबरोबर एकालाच आत जाता येईल म्हणाला, नियम आहे.